माशापासून सुरू झालेला कॅलरीचा हिशेब

सोलापुरात सात रस्त्यावरच्या कोणत्याही किराणा दुकानात बिस्किटाचा पुडा उलटा करून पाहिला, की मागे बारीक अक्षरांत एक तक्ता दिसतो. १०० ग्रॅममागे ऊर्जा इतकी, प्रथिने इतकी, कर्बोदके इतकी, स्निग्ध पदार्थ इतके. बहुतेकांना वाटते, की कुठल्या तरी प्रयोगशाळेत ते बिस्कीट प्रत्यक्ष जाळून ऊर्जेचा आकडा काढला असेल. तसे सहसा होत नाही. तो साधा गुणाकार असतो. प्रथिनांच्या आणि कर्बोदकांच्या ग्रॅमना ४ ने गुणायचे, स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅमना ९ ने, आणि बेरीज करायची. आहारतज्ज्ञ वजन कमी करायला आलेल्या माणसाला हाच हिशेब सांगतात. मधुमेहाच्या रुग्णाचा आहारतक्ता याच आकड्यांवर बेतलेला असतो, आणि रुग्णालयात नळीवाटे अन्न द्यायचे असेल तर तेही याच आकड्यांनी मोजले जाते.

हे ४ आणि ९ ज्यांनी रूढ केले, त्या विल्बर ऑलिन ॲटवॉटर यांना जाऊन आता शतकाहून अधिक काळ लोटला. पोषणशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव आहे. मात्र अन्नाचा अभ्यास त्यांनी गव्हापासून किंवा मांसापासून नव्हे, तर माशापासून सुरू केला, ही गोष्ट पुस्तकांत सहसा येत नाही.

ॲटवॉटर यांचा जन्म ३ मे १८४४ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन्सबर्ग या गावी झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. घरात शिस्त होती, दारू निषिद्ध होती. या शेवटच्या गोष्टीने पुढे त्यांना फार मनस्ताप दिला. कनेक्टिकटमधल्या मिडलटाउन गावी वेस्लियन विद्यापीठ आहे. तेथून ते १८६५ मध्ये पदवीधर झाले. काही वर्षे शाळेत शिकवले आणि मग येल विद्यापीठात सॅम्युअल जॉन्सन या कृषी-रसायनतज्ज्ञाच्या हाताखाली दाखल झाले. १८६९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय होता मक्याच्या निरनिराळ्या वाणांची रासायनिक घडण. दाण्यात पाणी किती, प्रथिने किती, तेल किती, राख किती, असे एकेक घटक वेगळे काढून वजन करायचे. कंटाळवाणे काम, पण त्यांची तबियत त्यात रमणारी होती.

त्यानंतर दोन वर्षे ते जर्मनीत राहिले. त्या काळी रसायनशास्त्र शिकायचे म्हणजे जर्मनी, असेच समीकरण होते. तिथे त्यांनी एक वेगळीच गोष्ट पाहिली. शेतकऱ्याला खत आणि चारा यांबद्दल सल्ला देण्यासाठी सरकारी खर्चाने चालणारी प्रायोगिक केंद्रे जर्मनीत गावोगाव होती. हे आपल्याकडेही हवे, हा ध्यास घेऊन ते परतले. १८७३ मध्ये वेस्लियनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १८७५ मध्ये त्यांनी तिथेच, विद्यापीठाच्या इमारतीत, अमेरिकेतले राज्याच्या पैशावर चालणारे पहिले कृषी प्रयोग केंद्र सुरू करवले. (दोनच वर्षांत ते केंद्र न्यू हेवनला हलवले गेले आणि संचालकपद त्यांच्या गुरूंकडे गेले.) वाटाण्यासारखी शेंगावर्गीय पिके हवेतला नायट्रोजन घेऊ शकतात, असे दाखवणारे प्रयोगही त्यांनी त्या सुमारास केले. तुरीनंतर रान सुधारते हे सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यामागचे रसायन तेव्हा कुठे उलगडू लागले होते.

मासा त्यांच्या आयुष्यात आला तो स्पेन्सर बेअर्ड यांच्यामुळे. बेअर्ड हे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे सचिव होते आणि अमेरिकेच्या मत्स्य आयोगाचे प्रमुखही. किनाऱ्यावरचे मासे कमी होत चालले आहेत, अशी तक्रार होती. मासेमारी वाढवायची, मत्स्यबीज सोडायचे, तर त्यावर सरकारचा पैसा खर्च होणार; मग माशाचे अन्न म्हणून मोल काय, हे तरी कळायला हवे. १८७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हे काम ॲटवॉटर यांच्याकडे दिले.

काम वाटते तितके सोपे नव्हते. मासा बाजारात अख्खा विकला जातो. डोके, काटे, कल्ले, कातडी, आतडी काढल्यावर खायला उरते किती? ॲटवॉटर यांनी प्रथम तेच मोजले. कोळ्याकडून मासा विकत घेणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हा हिशेब तोंडपाठ असतो, पण कागदावर तो कोणी नीट मांडला नव्हता. नंतर मांसाचा लगदा करून तो सुकवायचा आणि वजन किती घटले त्यावरून पाणी काढायचे. सुका लगदा ईथरमध्ये धुतला की चरबी त्यात विरघळून वेगळी होते. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणले की प्रथिनांचा अंदाज येतो. उरलेले जाळले की राख, म्हणजे क्षार. माशांच्या आणि शिंपल्या-कालवांच्या कितीतरी जातींवर हे सोपस्कार करण्यात वर्षे गेली.

यातून जे आकडे आले, त्यांनी माशाबद्दलचे ढोबळ बोलणे बंद करायला हवे होते. कॉड माशाच्या मांसात पाणी ८२ टक्क्यांहून अधिक आणि चरबी अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सामन माशात पाणी ६४ टक्क्यांच्या आसपास आणि चरबी जवळजवळ १३ टक्के. ४ आणि ९ चा गुणाकार करून पाहा: १०० ग्रॅम कॉडमधून ७० किलोकॅलरी मिळतात, तेवढ्याच सामनमधून सुमारे २००. दोन्ही मासेच, दोन्ही थंड समुद्रातले. प्रथिनांत फरक थोडा, पण ऊर्जेत तिपटीच्या आसपास. माशात चरबी वाढली की पाणी घटते आणि चरबी घटली की तिची जागा पाणी घेते, हा नियमही या तक्त्यांत सरळ दिसतो. म्हणून हडकलेला मासा वजनाला फारसा कमी भरत नाही, आणि गिऱ्हाइकाला वाटते माल तेवढाच मिळाला.

याहून महत्त्वाची नोंद पुढची होती. ॲटवॉटर यांनी अंडी घालून थकलेले सामनही वेगळे तपासले. सामन समुद्रात वाढतो, पण अंडी घालायला नदीत शिरतो आणि प्रवाहाविरुद्ध पोहत जातो. त्या सगळ्या प्रवासात तो जवळपास काही खात नाही. अंगातल्या चरबीवर आणि मग मांसावर जगतो. अशा माशाच्या तपासणीत चरबी ओसरलेली आणि पाणी वाढलेले दिसले. जात तीच, आकार तोच, नाव तेच. पण अन्न म्हणून तो दुसराच पदार्थ झाला होता. मासा कोणत्या महिन्यात पकडला यावर त्याची ऊर्जा ठरते, ही गोष्ट प्रयोगशाळेच्या वहीत अशी आली. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पाऊस सरल्यावर तारलीला जी चरबी चढते, ती तव्यावर न घातलेल्या तेलातही कळते.

मासा खाल्ल्याने मेंदू तल्लख होतो कारण त्यात फॉस्फरस फार, असाही एक समज तेव्हा अमेरिकेत जोरात होता. ॲटवॉटर यांना माशात तसा काही जादा फॉस्फरस सापडला नाही, आणि त्यांनी तसे लिहून टाकले.

आता प्रश्न उरला पचनाचा. माशात प्रथिने आहेत हे खरे, पण ती अंगी लागतात का? यासाठी १८८२ मध्ये ते पुन्हा जर्मनीला, म्युनिकमध्ये कार्ल व्हॉइट यांच्या प्रयोगशाळेत गेले. आहारशास्त्रात तेव्हा व्हॉइट यांचा शब्द शेवटचा होता. तिथे ॲटवॉटर यांनी माशाचे मांस आणि गोमांस यांच्या पचनाची तुलना केली. किती खाल्ले आणि मलावाटे किती बाहेर पडले, याचा ताळा मांडला. दोन्ही जवळजवळ सारखीच पचतात, असा निष्कर्ष निघाला. मासा हे गरिबाचे, हलक्या प्रतीचे अन्न आहे, या समजुतीला तो उघड छेद होता. स्वस्त मासा आणि महाग मांस यांत अंगी लागणारी प्रथिने सारखीच असतील, तर मजुराने पैसे कशावर खर्च करावेत?

हा प्रश्न पुढे त्यांच्या सगळ्या कामाचा कणा झाला. म्युनिकमध्येच मॅक्स रुबनर हा तरुण शास्त्रज्ञ अन्नाकडे इंधन म्हणून पाहत होता. १ किलो पाणी १ अंश सेल्सियसने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे १ किलोकॅलरी; बंद पोलादी भांड्यात दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये पदार्थ जाळायचा, भोवतालचे पाणी किती तापले ते पाहायचे. हे भांडे म्हणजे बॉम्ब कॅलरीमापक. ॲटवॉटर परत आले ते ही कल्पना डोक्यात पक्की करूनच. १८८७-८८ मध्ये त्यांनी एका लोकप्रिय मासिकात लेखमाला लिहिली आणि कॅलरी हा शब्द सामान्य अमेरिकन वाचकाच्या घरात पोचला.

मजुराला जगायला किती अन्न लागते, हा प्रश्न त्या वर्षांत फक्त अमेरिकेत नव्हता. ॲटवॉटर माशाच्या कामाला हात घालत होते त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ या काळात, सोलापूर जिल्हा मोठ्या दुष्काळात होरपळत होता. हजारो माणसे सरकारी दुष्काळी कामांवर माती वाहत होती, खडी फोडत होती. सरकारचे दूत सर रिचर्ड टेम्पल यांनी खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे सुटे पैसे पुरे आहेत, असे ठरवले. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी यावर वैद्यकीय आक्षेप घेतला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे दाद मागितली. वाद हिरिरीने झाला, पण दोन्ही बाजूंकडे मोजमाप नव्हते. आजच्या आकड्यांनी पाहिले तर एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम ज्वारीतून दीड हजारांच्या आसपास किलोकॅलरी मिळतात. ॲटवॉटर यांनी पुढे मध्यम कष्टाच्या पुरुषासाठी जे प्रमाण सुचवले ते ३,५०० च्या घरात होते. अमेरिकन अंगकाठी मोठी, आणि त्यांचे प्रमाण सढळ हाताचे. हे सगळे धरूनही उन्हात खडी फोडणाऱ्या माणसाला दीड हजार पुरणार नाहीत, हे कोणालाही कळते. त्या वर्षी ते सिद्ध करून दाखवता येत नव्हते, एवढेच.

त्याच काळात, १८७७ मध्ये, सोलापुरात जुनी गिरणी सुरू झाली आणि आसपासच्या खेड्यांतली माणसे भोंग्याच्या वेळेवर जगू लागली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातही गिरण्यांची शहरे होती आणि तिथल्या कामगारखात्याने कुटुंबांच्या जेवणखर्चाच्या नोंदी गोळा केल्या होत्या. १८८० च्या दशकाच्या मध्यावर त्या ॲटवॉटर यांच्याकडे आल्या. गिरणी कामगाराच्या मिळकतीतला मोठा हिस्सा पोटावरच जात होता, आणि तोही महागड्या मांसावर, लोण्यावर, साखरेवर. पुढे त्यांनी न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्त्यांतल्या आणि १८९५-९६ मध्ये टस्कीगी संस्थेच्या मदतीने अलाबामातल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या घरातल्या आहाराचीही पाहणी करवली. अमेरिकेच्या संसदेने १८९४ मध्ये अशा अभ्यासासाठी १०,००० डॉलर मंजूर केले, ते बऱ्याच अंशी त्यांच्याच पाठपुराव्यामुळे. मधल्या काळात, १८८८ पासून तीनेक वर्षे, ते देशभरातल्या कृषी प्रयोग केंद्रांच्या केंद्रीय कार्यालयाचे पहिले प्रमुखही होते. अधिकारी म्हणून त्यांची ही कारकीर्द महत्त्वाची आहे, पण त्यांचे मन त्यात नव्हते.

मन होते विद्यापीठाच्या तळघरात. १८९२ पासून एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी तिथे एक खोली बांधायला घेतली. सुमारे सात फूट लांब, चार फूट रुंद, साडेसहा फूट उंच. भिंती धातूच्या आणि लाकडाच्या, थरांवर थर. आतली ऊब बाहेर जाऊ नये आणि बाहेरची आत येऊ नये अशा. आत घडीची खाट, खुर्ची, टेबल. जेवण भिंतीतल्या दुहेरी दाराच्या कोनाड्यातून आत जायचे. नळ्यांतून थंड पाणी खेळवलेले असे. ते किती तापून बाहेर आले, यावरून माणसाने किती उष्णता टाकली ते कळे. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा तपासून श्वासाचा हिशेब लागे. खाल्लेल्या प्रत्येक घासाचा आणि मलमूत्राचा नमुना बॉम्ब कॅलरीमापकात जाळला जाई. एखादा सहायक किंवा विद्यार्थी या पेटीत कित्येक दिवस राहायचा. कधी नुसता पडून, कधी एका जागी बसवलेल्या सायकलवर तासन्‌तास पायडल मारत. बाहेर रात्रंदिवस पाळ्या लावून नोंदी घेतल्या जात.

माणूस हे यंत्र आहे की यंत्रापलीकडचे काही, असा तेव्हा वाद होता. उष्णतेचे नियम वाफेच्या इंजिनाला लागू होतात; पण जिवंत देहाला? ॲटवॉटर आणि रोझा यांच्या पेटीने उत्तर दिले. शरीरात जळालेल्या अन्नाची ऊर्जा आणि शरीराने बाहेर टाकलेली उष्णता व केलेले काम यांची बेरीज, सगळ्या प्रयोगांची सरासरी काढली तर एका टक्क्याच्याही आतल्या फरकाने जुळली. आज हे गृहीतच धरले जाते. पण माणसावर ते इतक्या काटेकोरपणे प्रथम याच तळघरात मोजले गेले.

४ आणि ९ हे आकडेही याच कामातून निघाले. प्रथिन बॉम्बमध्ये जाळले तर ग्रॅमला ५.६५ किलोकॅलरी मिळतात. पण शरीर ते पूर्ण जाळत नाही, काही भाग लघवीतून युरियाच्या रूपाने जातो, काही पचतच नाही. वजाबाकी केली की उरतात ४. स्निग्ध पदार्थांचे ९.४ मधून थोडे न पचलेले वजा करून ९ च्या जवळ, कर्बोदकांचेही ४. चार्ल्स वूड्स यांच्यासह त्यांनी १८९६ मध्ये अमेरिकन अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले, १८९९ मध्ये ब्रायंट यांच्यासह सुधारून वाढवले. त्यात माशांची पाने सर्वांत तपशीलवार असावीत, यात आश्चर्य नाही.

त्या पेटीतल्या एका प्रयोगाने मात्र त्यांचे स्वास्थ्य हिरावले. अल्कोहोल शरीरात इंधन म्हणून जळते का, हा प्रश्न त्यांनी तपासायला घेतला. रोजच्या आहारातली साखर, पिष्ट किंवा चरबी थोडी काढून तेवढ्याच ऊर्जेचे अल्कोहोल, दिवसाला सुमारे ७२ ग्रॅम, सहा भागांत विभागून देण्यात आले. ९८ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल शरीरात जळाले आणि त्याने इतर अन्नाची जागा घेतली. ग्रॅमला ७ किलोकॅलरी. १८९९ मध्ये त्यांनी हे जाहीर केले.

दारूबंदीची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. चळवळीच्या दबावाने शाळेच्या पुस्तकांत अल्कोहोल हे केवळ विष आहे, त्यात अन्नाचा अंशही नाही, असे शिकवले जात होते. ज्या पंथात ते वाढले, ज्या पंथाने त्यांचे विद्यापीठ स्थापन केले, त्याच पंथातून त्यांच्यावर टीका झाली. महिला संघटनांनी निषेध केला. उलट मद्यविक्रेत्यांनी त्यांचे निष्कर्ष आनंदाने मिरवले, आणि हे त्यांना जास्त लागले असणार. दारू प्यावी असे त्यांनी कधीच म्हटले नव्हते. ती शरीरात जळते, एवढेच मोजले होते. तिने होणारे नुकसान वेगळे आणि ते खरेच आहे, हेही सांगितले होते. मुलांना चुकीचे सांगून व्यसन सुटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. आकडे मागे घेतले असते तर बरेच मित्र परत मिळाले असते. त्यांनी घेतले नाहीत. आजही आहारशास्त्रात अल्कोहोलचा आकडा ७ हाच आहे.

जिथे ते चुकले, ती जागा दुसरी आहे, आणि ती त्यांच्या मोजपट्टीच्या आतच दडलेली होती. अन्नाचे मोल पाणी, प्रथिने, चरबी, कर्बोदके, क्षार आणि कॅलरी यांत संपते, असे ते धरून चालले. त्यांच्या तक्त्यात पालेभाजी म्हणजे बहुतांशी पाणी, फळ म्हणजे महागडी साखर. म्हणून गरीब कुटुंबाने भाजी-फळांवर पैसे घालवण्यापेक्षा पीठ, डाळी आणि स्वस्त मांस घ्यावे, असा सल्ला निघाला. जीवनसत्त्वे तेव्हा कोणाला माहीत नव्हती. जावामध्ये आइकमन पॉलिश केलेल्या तांदळावर कोंबड्या आजारी पडताना पाहत होते, पण ते धागे जुळायला १९१२ साल उजाडावे लागले. माशातली जी चरबी ॲटवॉटर यांनी इतक्या कसोशीने तोलली, तिच्यात अ आणि ड ही जीवनसत्त्वे आणि हृदयाला उपकारक मेदाम्ले असतात, हे त्यांच्या ईथरला दिसणे शक्य नव्हते. प्रथिनांचे दिवसाला १२५ ग्रॅमचे त्यांचे प्रमाणही गरजेपेक्षा बरेच जास्त होते. येलच्याच चिटेंडेन यांनी १९०४ मध्ये ते दाखवून दिले.

त्याच वर्षी ॲटवॉटर यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर ते काम करू शकले नाहीत. २२ सप्टेंबर १९०७ रोजी मिडलटाउनमध्ये त्यांचे निधन झाले. वय ६३. मुलगी हेलन हिने वडिलांचे कागद हाताळतच आहारशास्त्र शिकले होते. पुढे ती अमेरिकेच्या कृषी खात्यात आणि नंतर गृहशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकाची संपादक झाली. सहायक फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी बॉस्टनला नवी प्रयोगशाळा उभारली. १९३० च्या सुमारास मद्रासच्या महिला महाविद्यालयातल्या एलिनॉर मेसन यांच्याबरोबर त्यांनी दक्षिण भारतीय तरुणींचे मोजमाप केले, तेव्हा विश्रांतीच्या वेळचा त्यांचा ऊर्जाखर्च अमेरिकन प्रमाणापेक्षा बराच कमी निघाला. अमेरिकन तक्ता जसाच्या तसा भारतात लावता येत नाही, हे तेव्हापासून लिखित आहे. निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेने १९३७ मध्ये भारतीय अन्नाचे तक्ते काढले. ती प्रयोगशाळा पुढे डॉ. वि. ना. पटवर्धन यांच्या कारकिर्दीत हैदराबादला आली आणि आता राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तिने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत ज्वारी आहे, तूर आहे, आणि माशांची लांबलचक यादी आहे.

ऋतूप्रमाणे माशाची ऊर्जा मोजण्याचे काम मात्र सर्वांत चिकाटीने चालते ते ध्रुवाजवळच्या थंड समुद्रांत. नॉर्वे आणि रशियाच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्र आहे. तिथे कॅपेलिन नावाचा बोटाएवढा, चंदेरी मासा थव्यांनी राहतो. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही. पाण्यात सूक्ष्म वनस्पतींचा बहर येतो, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढे कवचधारी जीव पोसतात आणि मेणासारखी चरबी साठवतात. कॅपेलिन त्यांना खातो. शरद ऋतूत त्याच्या अंगात २० टक्क्यांच्या आसपास चरबी असू शकते. मग अंधार आणि उपास. वसंतात अंडी घालून झाल्यावर चरबी दोन-तीन टक्क्यांवर येते, आणि बहुतेक मासे मरतात. ढोबळ हिशेबाने शरदातल्या १०० ग्रॅम माशात २०० हून अधिक किलोकॅलरी, वसंतात त्याच वजनात ८० च्या आसपास. त्या समुद्रातले कॉड, सील, देवमासे आणि पक्षी याच थाळीवर जगतात.

इथे ४ आणि ९ चा गुणाकार पुरत नाही, कारण सील काटे काढून खात नाही. म्हणून संशोधक मासा पकडल्याबरोबर गोठवतात, अख्खा मासा डोक्या-शेपटीसह वाटतात, सुकवतात, त्याची गोळी करून बॉम्बमध्ये जाळतात. कोणत्या महिन्यातला, किती लांबीचा, नर की मादी, अंडी भरलेली की रिकामी, हे सगळे प्रत्येक नमुन्याबरोबर लिहिलेले असते. ते नसेल तर आकडा निरुपयोगी. समुद्रात मासा किती टन आहे हे ध्वनिलहरींनी कळते, पण त्या टनांत ऊर्जा किती, हे असे जाळूनच कळते.

या फरकाची किंमत काय असते, ते २००४ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ, आयल ऑफ मे या बेटावर दिसले. तिथल्या कड्यांवर गिलेमॉट हे समुद्रपक्षी हजारोंनी वीण घालतात. त्या वर्षी ते पिलांसाठी नेहमीप्रमाणे चोचीत मासा आणत होते. पण पिले हडकत गेली, वीण फसली. शास्त्रज्ञांनी पक्ष्यांनी आणलेले मासे गोळा करून तपासले, तेव्हा त्यांतली ऊर्जा नेहमीपेक्षा फारच कमी निघाली. मासा मिळत होता, लांबीलाही ठीक होता. त्यात चरबी नव्हती.